म्हशीच्या पोटातला वाढदिवस

माझी लेक तीन वर्षांची होणार होती आणि तिला वाढदिवसाची भीती वाटत होती. स्वतःच्याच नाही, कोणाच्याही. अमरावतीतल्या आमच्या गल्लीत कोणाच्या दारावर फुगे लटकलेले दिसले की ती माझ्या ओढणीचा पदर मुठीत धरायची आणि पलीकडच्या बाजूनं चल म्हणायची. पलीकडच्या बाजूला नाली होती. आम्ही नालीच्या काठानं जायचो.

हे सुरू झालं तिच्या दुसऱ्या वाढदिवसापासून. तेव्हा माझ्या धाकट्या भावानं अकोल्यात एक हॉल घेतला होता. तो अकोल्यात ऑटो चालवतो आणि भाचीवर जीव टाकतो. लहानपणी आमच्या घरात कोणाचाच वाढदिवस झाला नव्हता, त्याचं सगळं उट्टं त्यानं त्या एका संध्याकाळी काढलं. भिंतभर फुगे, डीजे, फेस उडवायचे डबे. केक कापला त्याच क्षणी डोक्यावर टांगलेला मोठा फुगा फोडला, त्यातून चमकी पडली, चारही बाजूंनी फेस उडाला आणि शंभरेक माणसं एकदम ओरडली. लेक आधी निळी पडली, मग रडली. रडता रडता उलटी झाली. ती रात्रभर झोपेत दचकत होती. भाऊ बिचारा दुसऱ्या दिवशी तोंड लहान करून म्हणाला, "ताई, मले वाटलं पोट्टी खूश होईन." त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्यानंतरचं वर्ष आमचं नालीच्या काठानं गेलं.

जूनमध्ये तिला नर्सरीत घालायचं होतं. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतो, हे मला चांगलं माहीत. ही पोरगी रोज रडत बसणार का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. म्हणून ठरवलं, तिसरा वाढदिवस घरी करायचा आणि असा करायचा की ती तिथं बसली पाहिजे. नाचायला नको, हसायला नको. रडल्याशिवाय केक होईपर्यंत बसली, एवढं झालं तरी माझ्यासाठी पुष्कळ.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लपवत नाही, उलट कोणी विचारलं नाही तरी सांगते. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये होते, आई म्हैस पाळायची. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते, पुढची तीन वर्षं म्हशीनं मला शिकवलं. पहाटे आई धार काढायची, मी दोन गल्ल्यांत दूध घालायचे, मग आंघोळ करून कॉलेज. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी उभी राहणारी मुलगी कधी कधी नाक मुरडायची. मी तिच्यापेक्षा जास्त मार्क घेतले, विषय संपला.

तर वाढदिवस. मोबाइलवर पाहिलं तर आता सगळीकडे थीम. समुद्र, परी, अंतराळ. मी लेकीलाच विचारलं, "तुझ्या वाढदिवसाला काय पाहिजे?"

"म्हैस," ती म्हणाली.

याचं कारण मला माहीत होतं. हिवाळ्यात आम्ही सेमाडोहच्या जंगलात गेलो होतो. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी गाडी केली होती. वाघ कोणालाच दिसला नाही. जीपमध्ये लेक झोपून गेली. पण परत निघताना गावाबाहेरच्या नाल्यात म्हशी बसल्या होत्या, आणि एकीच्या पाठीवर एक पांढराशुभ्र बगळा उभा होता. लेक जागी झाली ती तिथंच. गाडी थांबवायला लावली.

"तो तिच्यावर काहून बसला?" तिनं विचारलं. आजीच्या मांडीवर बोलायला शिकलेली पोरगी, ती अशीच बोलते.

मी मास्तरीण. मी सांगितलं की म्हैस चालली की गवतातले किडे उडतात, बगळा ते खातो, म्हशीच्या अंगावरचेही खातो. दोघांचं जमतं.

"आपण जोरात बोललो तं?"

"उडून जाईल."

मग तिनं तोंडावर बोट ठेवलं. आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. ऑफिसातले साहेब वाघ दिसला नाही म्हणून मघापासून बडबडत होते, तेही गप्प झाले. परतवाड्यापर्यंत ती गाडीत कोणाला मोठ्यानं बोलू देत नव्हती, बगळा कुठला कुठं मागे राहिला होता तरी.

म्हणून म्हैस. मी नवऱ्याला सांगितलं, "सेमाडोहचं जंगल करायचं. मध्ये म्हैस."

तो कमी बोलतो. म्हणाला, "कूलरचं खोकं आहे."

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही नवा कूलर घेतला होता. त्याचं खोकं एवढं मोठं की त्यात मी स्वतः बसले असते. ते आडवं केलं, बाहेरून काळा रंग दिला, पाय चिकटवले. शिंगांसाठी जुनी वर्तमानपत्रं गुंडाळून खळीनं एकावर एक चिकटवली आणि वाळायला ठेवताना वाकवली. शेपूट सुतळीची, टोकाला पिंजून. एका बाजूला पोटात मी दार कापलं आणि वर एक गोल भोक ठेवलं, खरं तर हवेसाठी. रंग वाळायच्या आधीच लेक त्या दारातून आत गेली आणि बाहेर यायला तयार होईना. दुपारची झोप तिनं म्हशीच्या पोटातच काढली. काळी झाली, पण मला बरं वाटलं. घाबरली तर जायला एक जागा झाली.

आई अकोल्याहून आधीच मदतीला आली. फोनवर तिला थीम सांगितली तेव्हाच तिचं सुरू झालं होतं.

"लोकाईच्या पोरीच्या वाढदिवसाले परी रायते, बाहुली रायते. तुह्या पोरीच्या वाढदिवसाले म्हैस? शेन काढता काढता माहे हात गेले, म्हून तुले शिकवलं. अन् तू फिरून म्हैसच घरात आनून राहिली."

"पुठ्ठ्याची हाय आई. शेण टाकत नाही."

"तू हसू नको. तुह्या शाळेतल्या बाया येतीन. काय म्हनतीन?"

"म्हणतील, हिच्या आईच्या म्हशीनं हिला बी.एस्सी. केलं. मीच सांगून ठेवलं आहे त्यांना."

फोनवर आईनं भांडं आपटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दूध लावलं का खिरीसाठी? का ते बी पुठ्ठ्याचं?"

घरी आल्यावर तिनं खोक्याभोवती एक चक्कर मारली. जावई हातात ब्रश घेऊन बसले होते.

"मले वाटलं कूलरलेच काळा रंग देऊन राहिले जवाईबुवा."

"शिंगं लागू द्या आई, मग पाहा," नवरा म्हणाला.

शिंगं लागली. आईनं पाहिलं आणि शेपटीचं टोक अजून पिंजून दिलं, म्हणजे पटलं. रात्री जेवताना मात्र तिनं नातीला सांगितलं, "तुही आई झाली तवा आमची म्हैस दुसऱ्या वेताची होती. मामा झाला तवा चौथ्या." आमच्या आईची जंत्री ही अशी. माझ्या जन्माची तारीख तिला विचारली तर ती गुरुजींनी शाळेत लिहिली ती सांगते, पण कितव्या वेताची म्हैस होती हे कधी चुकत नाही. हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. त्या रात्री मात्र वाटलं, आमच्या घरात वाढदिवसाला म्हैस ही काही नवी थीम नाही.

मग पाहुणे. आता इथं खरी अडचण होती. आमची माणसं प्रेमळ आहेत, पण हळू नाहीत. आमच्याकडे चार माणसं जमली की पाचव्याला वाटतं भांडण चाललं आहे. म्हणून मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्वच्छ लिहिलं. जंगलाची थीम आहे, हिरवे, खाकी किंवा मातकट कपडे घालून यावे. फुगे आणू नये. फेसाचे डबे आणू नये. टाळ्या वाजवू नये, त्याऐवजी हात वर करून हलवावे. हळू बोलावे.

भावाचा लगेच फोन.

"ताई, हे वाढदिवसाचं आमंतरण हाय का जंगल खात्याची नोटीस?"

"तुला माहीत आहे कशासाठी आहे ते."

"माहीत हाय. म्हून तं काही म्हनलं नाई ग्रुपवर." मग म्हणाला, "पन मोठ्या मायले कोन सांगन? ते अकोल्यातून बोलली तं अमरावतीत आयकू येते. तिनं फोन कशाले घेतला हेच समजत नाई."

मोठी माय म्हणजे आमची थोरली काकू. कापसाच्या वेचणीला अख्ख्या वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारण्यात तिचा जन्म गेला. तिला हळू बोल म्हणणं मलाही जमलं नसतं.

"तू सांग," मी म्हटलं.

"मी? माहं लगन व्हायचं हाय अजून."

तरी आईचा मला आधार होता. ती रोज दुपारी ओट्याजवळ बसून एकेकाला फोन लावायची. मी शाळेतून येऊन तपासलेले पेपर एकीकडे, पळसाची पानं एकीकडे अशी बसलेली असायचे, तेव्हा तिचा आवाज कानावर यायचा. सगळे येणार म्हणत होते. मला समाधान वाटत होतं की आई निरोप नीट देऊन राहिली आहे. काय निरोप देऊन राहिली, ते मी ऐकलं नाही.

आदल्या दिवशी जुन्या कूलरच्या ताट्या सोडल्या. त्यातलं वाळलेलं गवत बैठकीच्या खोलीत अंथरलं, जमिनीवर सगळं रान झालं. भिंतीवर आईच्या आणि माझ्या हिरव्या साड्या सोडल्या. नवऱ्यानं कुठूनतरी पळसाच्या फांद्या आणल्या, फुलांसकट. केक मी कुकरमध्ये केला, शिट्टी काढून. त्यात मोर्शीच्या संत्र्यांचा रस घातला. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचा तिकडे बगीचा आहे, त्यानं पिशवी भरून दिली होती. पहिला केक बसला, तो आम्ही तिघांनी उभ्या उभ्या खाल्ला. दुसरा फुगला. बाकी दह्यातला गिला वडा आणि आईची खीर. म्हशीच्या शेजारी टेबल मांडून त्यावर तसबिरी ठेवल्या, मेणबत्त्या ठेवल्या, कारण केकच्या आधी वंदना घ्यायची होतीच. आमच्याकडे शुभकार्य त्याशिवाय सुरू होत नाही. त्रिशरण, पंचशील, मग बाकीचं.

लेकीला हिरवा फ्रॉक. ती सकाळपासून म्हशीला गवत चारत होती.

पाचच्या सुमारास दारासमोर ऑटो थांबला. मंडळी आगगाडीनं बडनेऱ्याला उतरून ऑटोनं आली होती. पहिल्या ऑटोतून मोठी माय उतरली. पांढरी साडी. तिच्यामागे तिची सून, पांढरी साडी. दुसऱ्या ऑटोतून माझे दोन मामा, पांढरा पायजमा, पांढरा सदरा. तिसऱ्यातून आत्या, तिची पोरं, सगळी पांढरी, इस्त्रीची. शेवटी भाऊ. त्याच्या अंगावर पांढरा शर्ट आणि पांढरी पँट, आणि चेहऱ्यावर मला विचारू नको असा भाव.

मी दारातच उभी. "हिरवे सांगितले होते ना रे?"

"ताई, मी हिरवाच काढला होता. आईनं फोन केला. म्हने वंदनेले हिरवा घालून येशीन का?"

आमच्याकडे वंदना म्हटली की पांढरे कपडे. हे कोणाला सांगावं लागत नाही. आणि आईनं सगळ्यांना फोनवर तेवढंच सांगितलं होतं की वंदना आहे. मी स्वयंपाकघराकडे वळून तिच्याकडे पाहिलं. ती खीर हलवत होती.

"पार्टीले कोन येते बाई आपला कामाचा दिवस पाडून?" ती म्हणाली. "वंदना म्हनलं की येतात. अन् आले का नाई?"

आले होते. सगळेच आले होते.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या काकू लगबगीनं रस्ता ओलांडून आल्या. हाताला पीठ लागलेलं. आमच्या दारात पांढऱ्या कपड्यातली एवढी माणसं पाहून त्यांचा चेहरा पडला होता. माझ्या नवऱ्याला दबक्या आवाजात विचारलं, "काय झालं हो? आई बऱ्या आहेत ना?"

"वाढदिवस आहे काकू," नवरा म्हणाला. "या ना आत."

काकूंनी कपाळाला हात लावला, पीठ कपाळाला लागलं. "मी पोळी तव्यावर सोडून आली," म्हणाल्या आणि परत पळाल्या. पण पोळी उतरवून, नातवाला घेऊन पुन्हा आल्या.

हे सगळं होईपर्यंत माझी लेक दिसेनाशी झाली होती. दारात एवढी माणसं एकदम पाहिली आणि ती म्हशीच्या पोटात गेली. दाराचा पुठ्ठा तिनं आतून ओढून घेतला होता.

भाऊ गवतात गुडघे टेकून बसला. "ये ना व मामाजवळ. पाय, मामा फुगा नाई आनला."

पुठ्ठ्याचं दार आतून आणखी घट्ट ओढलं गेलं. मग तो श्वास ऐकू आला. रडायच्या आधी ती तीन-चार छोटे छोटे श्वास आत ओढते, बाहेर सोडत नाही. वर्षभरात मी तो इतक्यांदा ऐकला होता की दोन खोल्यांपलीकडून ओळखू येतो. एवढं जंगल केलं, शिंगं वाकवली, आणि शेवटी तेच. हॉलसारखंच तेच.

"सगळे मागे व्हा जरा," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात असतो तसा झाला असावा, कारण सगळे भिंतीला लागले. "तिला कोणी बोलवू नका."

कोणाला काय करावं कळेना. इतकी माणसं आणि खोलीत आवाज नाही, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. आईनं ओल्या हातांना पदर लावला आणि ती तसबिरींसमोर गवतात बसली.

"बसा रे खाली. वंदना घेऊ. तिचं ते पाहीन."

सगळे बसले. पांढऱ्या कपड्यांची काळजी करत, गवत बाजूला सारत, पण बसले. मेणबत्त्या लागल्या. आईनं सुरुवात केली आणि बाकीचे तिच्या मागून म्हणू लागले. वंदनेची चाल संथ असते. तिथं कोणी कोणाच्या पुढे पळत नाही. मला त्या दिवशी लक्षात आलं की वावरभर हाका मारणारी मोठी माय वंदनेत सगळ्यात खालच्या आवाजात म्हणते. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसले, कधी लक्ष गेलं नव्हतं.

मी डोळे मिटले नाहीत. मी त्या गोल भोकाकडे पाहत होते. आतला श्वास आधी थांबला, मग सुटला. ही चाल तिला पाठ होती. आजी आली की रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन हेच म्हणते. थोड्या वेळानं भोकातून एक बोट बाहेर आलं. मग बोट आत गेलं आणि एक डोळा आला.

वंदना संपली की आम्ही क्षणभर तसेच बसतो, हात जोडून. त्या शांततेत म्हशीच्या पोटातून आवाज आला.

"आई. बगळे."

मी खोलीकडे पाहिलं. जमिनीवर वाळलेलं गवत, भिंती हिरव्या, मध्ये काळी म्हैस, आणि तिच्याभोवती मान खाली घालून बसलेली सगळी पांढरी माणसं. मला एवढं शिकून ते दिसलं नव्हतं.

मोठी माय मान वळवायला लागली. "काय म्हनते व पोट्टी?"

"हालू नका," आतून हुकूम आला. "उडून जासान."

"कोणी हलू नका," मी म्हटलं. "तुम्ही बगळे आहात."

"मी बी?" मोठ्या मायनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजली असेल.

"तू बी."

"एवढा मोठा बगळा?"

"माय, चूप," भाऊ म्हणाला. "उडशीन."

जे मी ग्रुपवर लिहून, फोन करून, धाक दाखवून कोणाकडून करून घेऊ शकले नसते, ते तिनं आत बसून करून घेतलं. नवऱ्यानं पाटावर ठेवलेला केक गवतातून हळूहळू म्हशीच्या पोटाकडे सरकवला. पुठ्ठ्याचं दार उघडलं. एक हात बाहेर आला. मी लाकडी चमचा दिला, तिनं केकमध्ये खुपसला. सगळ्यांनी वाढदिवसाचं गाणं म्हटलं, पण इतक्या हळू की अर्ध्या लोकांचे नुसते ओठ हलत होते. टाळ्यांऐवजी हात वर करून हलवायचं ठरलं होतं, ते आता सगळ्यांना आपोआप समजलं. दोन्ही मामा, साठी उलटलेले, हात पसरून पंख हलवत होते. काकूंचा नातू तर उठून एका पायावर उभा राहिला.

आणि तेवढ्यात भावाचा फोन वाजला. त्यानं त्यावर लग्नाच्या बँडची धून लावून ठेवली आहे, ऑटोच्या आवाजात ऐकू आली पाहिजे म्हणून. खिशातून बँडच निघाला जणू. भावाचा हात खिशात अडकला, फोन निघेना, घाबरून त्याचा चेहरा कपड्यांसारखा झाला. सगळे त्याच्याकडे नाही, म्हशीकडे पाहत होते.

लेकीचा खालचा ओठ बाहेर आला. मी तो पाहिला. मी गुडघ्यावर उठलेच होते.

"बगळ्याचा फोन," ती म्हणाली.

मग ती हसली. आधी एकटीच, मग तिचं पाहून काकूंचा नातू, मग मोठी माय, आणि मोठी माय तिच्या खऱ्या आवाजात हसली. भिंतीवरची साडी हलली असेल. मी लेकीकडे पाहिलं. ती म्हशीच्या पोटातून बाहेर आली होती, गालाला काळा रंग, हाताला केक, आणि मामाच्या खिशाला धरून उभी होती.

भावानं फोन काढून तिच्या कानाला लावला. "विचार कोन हाय ते."

पलीकडे त्याचं रोजचं गिऱ्हाईक होतं. अकोल्याच्या स्टेशनवर उभं होतं, ऑटो पाहिजे होता.

"हॅलो," लेक म्हणाली. "मामा उडून गेला."

त्यानंतरचं सगळं जसं आमच्या घरी होतं तसंच झालं. आवाज चढले. गिला वडा संपला. एका मामानं दुसऱ्या मामाला दही जास्त घेतलं म्हणून बोल लावला. पांढरे कपडे मागून गवतानं भरले, आणि म्हशीला टेकून बसलेल्यांच्या पाठी काळ्या झाल्या, कारण आमच्या जवाईबुवांचा रंग काही पक्का नव्हता. मोठी माय म्हणाली, "वंदनेले आली पांढरी, चालली म्हैस होऊन." माझ्या शाळेतल्या दोघी-तिघी आल्या, त्या बरोबर हिरव्या साड्यांत होत्या आणि सगळ्यांत वेगळ्या दिसत होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "ही पांढऱ्या कपड्यांची कल्पना कोणाची?"

"माही," आई म्हणाली. खीर वाढता वाढता ती म्हशीजवळ थांबली होती आणि तिचा हात पुठ्ठ्याच्या पाठीवर होता, शिंगांपासून शेपटीकडे फिरत.

सगळे शेवटच्या गाडीला निघाले तेव्हा लेकीनं दारात उभं राहून विचारलं, "बगळे कुठी चालले?"

"अकोल्याले," भाऊ ऑटोत चढता चढता म्हणाला. "रिझर्वेशन नाई भेटलं उडाचं."

म्हैस आम्ही ओसरीत ठेवली. एप्रिलच्या उन्हानं तिची शिंगं उसवली आणि एक पाय वाकला, तरी लेक तिच्या पोटात बसून जेवायची. पुढच्याच महिन्यात समोरच्या काकूंच्या नातवाचा वाढदिवस आला. दारावर सकाळीच फुगे लागले. मी लेकीला खोटं सांगायचं नाही असं ठरवलेलं आहे.

"तिथी बगळे हायेत का?" तिनं विचारलं.

"नाहीत. फुगे आहेत."

तिनं ओसरीतून समोरच्या दाराकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मंग मले पांढरा फ्राक घाल."

मी घातला. आम्ही नालीच्या काठानं नाही, सरळ रस्ता ओलांडून गेलो. ती कोपऱ्यातल्या एका स्टुलावर चढून बसली, पाय वर घेऊन, कोणाशी न बोलता. फुगा फुटायचा तो फुटलाच. तिनं दोन्ही कानांवर हात दाबले आणि माझ्याकडे पाहिलं. मी जागची हलले नाही. थोड्या वेळानं तिनं एक हात काढला, ऐकून पाहिलं, मग दुसरा काढला.

"केक कवा कापतीन?" तिनं विचारलं.